शेवटच्या वाफ्यापर्यंत

पंचविसाव्या दिवशी माझ्या भाचीचं बाळ १४८० ग्रॅमचं झालं होतं. अर्ध्या लिटरच्या तीन दूधपिशव्या हातात घेतल्या की वजन लागतं, साधारण तेवढं. दिवस भरायला दहा आठवडे बाकी असताना, तिसाव्या आठवड्यातच त्याने घाई केली होती आणि तेव्हापासून पुण्यातल्या एका रुग्णालयात काचेच्या पेटीत त्याचा मुक्काम होता. त्या दिवशी त्याचे डोळे तपासणार होते. भाचीला ते काही उमगेना. "मावशी, डोळे तर छान उघडतोय की. तपासायचं काय त्यात?" मलाही उत्तर ठाऊक नव्हतं.

सिस्टरने बाहुली मोठी करणारे थेंब घातले. दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा घातले, मग तिसऱ्यांदा. गालावर ओघळलेला थेंब ती दर वेळी लगेच कापसाने टिपून घेई. एवढ्याशा जिवाच्या कातडीतून औषध अंगात गेलं तर नाडी आणि रक्तदाब वर-खाली होतो, असं तिने हात न थांबवता सांगितलं. मग बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, जिभेवर साखरपाणी सोडलं, बधिर करणारा थेंब घालून तारेच्या नाजूक चिमट्याने पापण्या उघड्या धरल्या. डोळ्यावर पारदर्शक जेलीचा ठिपका ठेवून कॅमेऱ्याचं तोंड त्या जेलीला अलगद टेकवलं. बाळ रडलं. भाची भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी मॉनिटरकडे बघत होते.

मॉनिटरवर नारिंगी रंगाचा मोठा गोल उघडला होता. त्यात एक फिकट चकती, आणि चकतीतून निघालेल्या लालसर रेषा, फाटे फुटत फुटत बारीक होत गेलेल्या. वहीत जपून ठेवलेल्या पिंपळपानाच्या शिरा जशा. फक्त हे पान अर्धवट होतं. एका हद्दीवर येऊन सगळ्या रेषा विरून गेल्या होत्या आणि तिच्यापलीकडे नुसता करडा, कोरा भाग होता. डॉक्टरांनी त्या हद्दीवर बोट ठेवलं. "रक्तवाहिन्या इथपर्यंत आल्यात. पुढचं काम बाकी आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा बघू, कुठवर पोचल्या ते."

ते चित्र भाचीच्या सासऱ्यांनी हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. ते इंदापूर तालुक्यातले ऊसवाले शेतकरी. चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "म्हणजे टेलला पाणी गेलं नाही अजून."

खडकवासल्याचा कालवा हवेली आणि दौंड तालुक्यांतून इंदापूरकडे जातो. शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याच्या वाफ्यात पाणी पोचणं म्हणजे काय, हे त्या टोकाला राहणाऱ्यालाच कळतं. मी नंतर या विषयावर पुष्कळ वाचलं, डॉक्टरांशी बोलले. पण त्या एका वाक्याइतकी नेमकी उपमा मला कुठे सापडली नाही.

आपण बोलताना ज्याला डोळ्याचा पडदा म्हणतो तो रेटिना डोळ्याच्या आतल्या भिंतीला अस्तरासारखा असतो, जाडीला पाव मिलिमीटरच्या आसपास. गर्भात मेंदूचाच एक भाग पुढे येऊन तो तयार होतो, म्हणजे डोळ्यात डोकावणारा डॉक्टर खरं तर मेंदूचीच एक उघडी कड बघत असतो. त्याची भूक मेंदूसारखीच मोठी आणि त्याला ऑक्सिजन सतत लागतो. असं असूनही गर्भाच्या पहिल्या साडेतीन-चार महिन्यांत या पडद्याला स्वतःची एकही रक्तवाहिनी नसते. सोळाव्या आठवड्याच्या सुमारास, डोळ्याची नस जिथे पडद्यात शिरते त्या चकतीपासून पहिल्या वाहिन्या फुटतात आणि चहूबाजूंनी कडेकडे सरकू लागतात.

त्यांना वाट कोण दाखवतं, हे मला या सगळ्यातलं सर्वांत मोठं नवल वाटतं. वाहिन्यांच्या पुढे ताऱ्यासारख्या आकाराच्या पेशींची एक फळी चालत असते. जिथे रक्त पोचलेलं नाही तिथे ऑक्सिजन विरळ असतो. तो विरळपणा जाणवला की या पेशी एक प्रथिन सोडतात. त्याचं नाव व्हीईजीएफ. ती हाक असते: इकडे या, इथे कोरडं आहे. वाहिनीच्या टोकावरची पेशी केसाहूनही कितीतरी बारीक अशी बोटं पुढे काढून चाचपडते, हाक जास्त कुठून येते ते पाहते आणि तिकडे वळते. रक्त पोचलं की तिथली तहान भागते आणि तिथली हाक बंद होते. मग हाक येते ती आणखी पुढच्या कोरड्या पट्ट्यातून. कालव्याचा नकाशा कुणाकडेच नाही. तहान हाच नकाशा. चकती नाकाच्या बाजूला असल्यामुळे नाकाकडचा काठ जवळ पडतो, तिथे वाहिन्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पोचतात. कानाकडचा काठ लांब. तिथे पोचायला चाळिसावा आठवडा उजाडतो. दिवस भरून बाळ जन्माला येतं तेव्हा टेलपर्यंत पाणी जेमतेम पोचलेलं असतं.

आता हेच बाळ तिसाव्या आठवड्यात बाहेर आलं तर? पोटातल्या बाळाच्या रक्तात ऑक्सिजनचा दाब आपल्या मानाने निम्म्याहूनही कमी असतो. तो विरळपणाच हाक जागी ठेवतो. बाहेर येऊन पहिला श्वास घेतला की साध्या हवेतही त्या पडद्याच्या दृष्टीने पूर येतो. त्यात कच्ची फुप्फुसं चालावीत म्हणून वेगळा ऑक्सिजन द्यावा लागतो. सगळीकडे ओल आहे म्हटल्यावर हाक थांबते आणि वाहिन्या आहेत तिथेच थबकतात. भरीला, आईकडून नाळेतून मिळणारी वाढीची द्रव्यंही तुटलेली असतात. त्यांतलं आयजीएफ-१ हे कमी पडलं की व्हीईजीएफ असूनही वाहिन्या नीट वाढत नाहीत. बॉस्टनच्या लॉइस स्मिथ आणि स्वीडनच्या आन हेलस्ट्रॉम यांनी हे उलगडून दाखवलं. या बाळांचं वजन आठवड्याला किती वाढतं याकडे डोळ्यांचे डॉक्टरही लक्ष ठेवतात ते याचमुळे.

काही आठवडे असेच शांत जातात. तेवढ्यात पडद्यातल्या पेशी मात्र वाढत असतात, त्यांची भूक वाढत असते. बत्तिसाव्या-तेहतिसाव्या आठवड्यानंतर काठावरचा सगळा कोरडा पट्टा एकदम ओरडू लागतो. व्हीईजीएफचा लोंढा येतो. वाहिन्या पुन्हा वाढतात, पण आता शिस्त नसते. हद्दीवर आधी एक पांढरट रेषा दिसते, मग तिचा उंच बांध होतो, आणि वाहिन्या पडद्यावरून पुढे सरकायचं सोडून डोळ्यातल्या पारदर्शक गरात वर घुसतात. कालवा फुटून पाणी भलत्याच रानात शिरावं तसं. त्यांच्याबरोबर चिवट तंतू तयार होतात, ते आक्रसतात आणि पडद्याला ओढतात. पडदा आधी थोडा सुटतो, मग पूर्ण. ही या आजाराची पाचवी, शेवटची पायरी. पहिल्या रेषेपासून तिथवरचा प्रवास काही आठवड्यांत होऊ शकतो. बहुतेक बाळांमध्ये पहिल्या-दुसऱ्या पायरीवरूनच आजार आपोआप ओसरतो आणि वाहिन्या आपली वाट पुन्हा धरतात. ज्यांच्यात ओसरत नाही त्यांच्यासाठी हातात दिवस थोडे असतात.

आणि हे सगळं चाललेलं असताना डोळा बाहेरून अगदी चांगला दिसतो. काळाभोर, टपोरा, लुकलुकणारा. बाहुलीत पांढरी झाक दिसू लागते तेव्हा पडदा सुटून गेलेला असतो. रुग्णालयात या आजाराला आरओपी म्हणतात, पूर्ण नाव रेटिनोपथी ऑफ प्रिमॅच्युरिटी.

ऑक्सिजनची गोष्ट इथे थोडक्यात सांगायलाच हवी. १९४२ साली बॉस्टनच्या डॉ. थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांमधलं हे अंधत्व पहिल्यांदा नोंदवलं. कारण कुणालाच कळेना. आधुनिक, उत्तम रुग्णालयांतलीच बाळं का आंधळी होतात? १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी बोट ठेवलं ते ऑक्सिजनवर, ज्या वायूने ही बाळं जगत होती त्याच्यावरच. १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी मिळून केलेल्या पाहणीने ते सिद्ध झालं. मग ऑक्सिजन इतका हात आखडून दिला जाऊ लागला की अंधत्व घटलं आणि मृत्यू वाढले. पुढे १९७३ मध्ये केनेथ क्रॉस यांनी हिशोब मांडला: एका बाळाची दृष्टी वाचवताना सुमारे १६ बाळं दगावली असावीत. नंतरच्या मोठ्या चाचण्यांनीही तीच अवघड गोष्ट वेगळ्या आकड्यांत दाखवली. रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ८५ ते ८९ टक्क्यांत ठेवलं तर डोळे जास्त वाचतात आणि बाळं जास्त दगावतात, ९१ ते ९५ टक्क्यांत ठेवलं तर जीव जास्त वाचतात आणि डोळ्यांना धोका वाढतो. म्हणून काचपेटीशेजारच्या त्या लुकलुकणाऱ्या आकड्याकडे सिस्टर इतक्या वेळा बघते. मधल्या अरुंद पट्ट्यातून बाळाला पलीकडे न्यायचं असतं. आणि जीव वाचवायचा तर डोळ्यावर पहारा ठेवणं ओघानेच येतं.

पुण्याला हा पहारा नवा नाही. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात १९८७ ते ८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचा मागोवा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला, तो ती मुलं मोठी होईपर्यंत, वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत. 'पुणे लो बर्थ वेट स्टडी' या नावाने तो बालरोगतज्ज्ञांना माहीत आहे. कमी वजनाचं बाळ जगलं, एवढ्यावर समाधान मानायचं नाही, पुढे त्याचं काय होतं तेही बघायचं, ही दृष्टी त्या कामात होती. त्याच रुग्णालयातून २००९ मध्ये आरओपीवरचा निबंध प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ५५२ बाळांपैकी २२.३ टक्के बाळांमध्ये कुठल्या ना कुठल्या पायरीचा आरओपी आढळला होता. पाचांत एक बाळ.

दुसरा धागा अंधशाळांचा. डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या ३५ अंधशाळांत जाऊन मुलांचे डोळे तपासले. २००७ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात डोळ्यांची जन्मजात व्यंगं आणि बुबुळाचे आजार ही मोठी कारणं होती. ज्या काळात अपुऱ्या दिवसांची बाळं फारशी जगतच नव्हती, त्या काळात जन्मलेली ती मुलं. पुढे गावोगाव नवजात अतिदक्षता विभाग निघाले, बाराशे-तेराशे ग्रॅमची बाळं हसतखेळत घरी जाऊ लागली, आणि हडपसरजवळ महंमदवाडीत असलेल्या पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनच्या ह. वि. देसाई नेत्ररुग्णालयात वेगळीच मुलं येऊ लागली. सहा-आठ महिन्यांची, दोन्ही पडदे पूर्ण सुटलेली. डॉ. सुचेता कुलकर्णी यांनी लंडनच्या क्लेअर गिल्बर्ट आणि इतरांबरोबर या कुटुंबांशी बोलून तुम्हाला उशीर का झाला हे विचारलं. २०१८ मध्ये आलेल्या त्या निबंधात दिसतं की बहुतेकांना वेळेवर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कुणी पाठवलंच नव्हतं. पैसा, अंतर, अंधश्रद्धा ही कारणं आपण आधी मनात धरतो. इथे आईबापांच्या हातात वेळ होता, बाळाला ते जपत होते, फक्त कुणी एक वाक्य बोललं नव्हतं.

त्याची किंमत एका निकालपत्रात रुपयांत लिहिलेली आहे. १९९६ साली चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात २९व्या आठवड्यात जन्मलेल्या, १२५० ग्रॅमच्या मुलीचे डोळे वेळेवर तपासले गेले नाहीत. ती कायमची अंध झाली. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला सुमारे १ कोटी ८० लाखांची भरपाई दिली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

आपल्या घराघरातल्या रीतींचाही इथे विचार करायला हवा, आणि हे मी माझ्या निरीक्षणावरून सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे बाळ जन्मतं एका गावात, काचपेटीत राहतं तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावात, आणि सुट्टी झाल्यावर जातं तिसरीकडेच. फाइल मागे राहते. शिवाय सव्वा महिना. सव्वा महिना होईपर्यंत बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, वारं लागू द्यायचं नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर अधिकच जपायचं. आणि डोळ्यांच्या पहिल्या तपासणीची मुदत असते तीस दिवस. नेमकी त्या सव्वा महिन्याच्या आत. आजीच्या मायेला दोष द्यायचं माझ्या मनातही नाही. पाचवीच्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते असं आपल्याकडे मानतात. या बाळांचं एक लिखाण त्या रात्री संपत नाही. ते पुढे काही आठवडे डोळ्याच्या आत चालू असतं, आणि ते वाचता येतं, वेळेवर वाचलं तर बदलताही येतं. एवढं आजीला समजावून सांगितलं तर तीच रिक्षा बोलवेल.

वाचायचं कसं, याची गोष्ट आता फार वेगाने पुढे चालली आहे. वर्षानुवर्षं डॉक्टर कपाळावर दिवा बांधून, हातात भिंग धरून बाळाच्या डोळ्यात बघत आले आणि दिसलं ते कागदावर वर्तुळ काढून रेखाटत आले. आजही ती पद्धत पक्की मानली जाते. पण रेखाटन म्हणजे एकाने बघितलेलं. मग आला जेली लावून डोळ्यावर टेकवायचा कॅमेरा, एका दृष्टिक्षेपात १३० अंशांचा पट्टा टिपणारा. आता पडद्याचं छायाचित्र मागे राहू लागलं. गेल्या खेपेचं चित्र आणि आजचं चित्र शेजारी ठेवता येऊ लागलं. बंगळुरूच्या नारायण नेत्रालयाने २००८ मध्ये याच बळावर एक उपक्रम सुरू केला: प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतल्या नवजात विभागांत जातात, चित्रं काढतात आणि तज्ज्ञ दूर बसून ती वाचतात. बाळाला वारं लागू न देता तपासणीच बाळाकडे जाते.

पण चित्र एकच असलं तरी वाचणारे निरनिराळे. आरओपीत उपचार करायचे की थांबायचं हे पुष्कळदा एका खुणेवर ठरतं: पडद्याच्या मध्यभागातल्या वाहिन्या फुगल्या आहेत का, नागमोडी झाल्या आहेत का. अमेरिकेतल्या मायकेल चियांग यांनी २००७ मध्ये अशी ३४ चित्रं २२ नामवंत तज्ज्ञांपुढे ठेवली. खूण आहे की नाही, एवढंच सांगायचं. बावीसच्या बावीस जणांचं एकमत झालं ते फक्त ७ चित्रांवर. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले. तज्ज्ञ कमी पडतात असा याचा अर्थ मी घेत नाही. फुगलेली आणि न फुगलेली वाहिनी यांच्यामध्ये निसर्गाने रेघ मारलेली नाही, ती हळूहळू फुगते, आणि आपण मात्र हो किंवा नाही विचारतो.

इथे संगणकाची मदत झाली. २०१८ मध्ये चियांग, जेम्स ब्राउन, पीटर कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी साडेपाच हजारांवर चित्रं दाखवून एक संगणकी प्रणाली तयार केली. तिने आधी न पाहिलेल्या १०० चित्रांवर ९१ टक्के अचूक निदान केलं, तुलनेला घेतलेल्या ८ तज्ज्ञांपैकी ६ जणांपेक्षा सरस. मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची पायरी: या प्रणालीतून प्रत्येक चित्राला १ ते ९ असा एक गुण मिळू लागला. हो-नाहीच्या जागी चढण आली. गेल्या आठवड्यात ३ होता, आज ५ झाला, म्हणजे वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते कळतं. तमिळनाडूतल्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या बाळांच्या चित्रांवरही ही प्रणाली पारखली गेली, आणि ते गरजेचंच होतं.

कारण आपल्याकडची बाळं पाश्चात्त्य पुस्तकांत बसत नाहीत. अमेरिकेत साधारणपणे १५०० ग्रॅम किंवा त्याहून कमी, अथवा ३० आठवडे किंवा त्याआधी जन्मलेल्या बाळांची तपासणी करतात. तोच नियम इथे लावला तर आंधळी होऊ शकणारी कितीतरी बाळं चाळणीतून निसटतील. आपल्याकडे सतराशे-अठराशे ग्रॅमच्या, तिथे धडधाकट समजल्या जाणाऱ्या बाळांनाही गंभीर आरओपी होतो. मोजमाप न ठेवता दिलेला ऑक्सिजन, जंतुसंसर्ग, मंदावलेली वजनवाढ, अशी त्याची कारणं. म्हणून भारताची मर्यादा २००० ग्रॅम आणि ३४ आठवडे. या आजाराच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने २०२१ मध्ये सर्वांत आक्रमक प्रकाराची व्याख्याही रुंद केली. तो फक्त अतिशय लहान बाळांत आणि पडद्याच्या मागच्या भागातच होतो असं नाही, तुलनेने मोठ्या बाळांतही होतो, हे त्यात आलं. जगाच्या पुस्तकातली ती ओळ आपल्यासारख्या देशांतल्या बाळांमुळे बदलली.

आणखी एक चित्रण आहे, जे मला अजूनही खरं वाटत नाही. ओसीटी हे यंत्र प्रकाशाच्या परावर्तनावरून पडद्याचा उभा छेद दाखवतं, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर न थर, सुरी न लावता. मोठ्या माणसांच्या मधुमेही डोळ्यांसाठी ते आता गल्लोगल्ली झालंय. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या सिंथिया टॉथ यांनी ते हातात धरून काचपेटीतल्या बाळाच्या डोळ्यावर, स्पर्श न करता, फिरवलं. पडद्याचा मध्यबिंदू, ज्याने आपण अक्षर वाचतो आणि माणूस ओळखतो, तो अपुऱ्या दिवसांच्या बाळात तयारच नसतो. आतले थर तिथून बाजूला सरकतात, प्रकाश टिपणाऱ्या पेशी मध्याकडे दाटी करतात आणि एक खळगी पडते. हे काम जन्मानंतर काही वर्षं चालतं. ते चालू असताना आज बघता येतं. आईचा चेहरा ज्या ठिपक्यावर उमटणार आहे, तो ठिपका कोरला जाताना.

उपचारांचं सूत्र पाटपाण्याच्या उपमेतच बसतं. एक मार्ग लेझरचा: काठावरचा जो कोरडा पट्टा ओरडतोय, तिथे शेकडो, कधी हजाराहून जास्त बारीक डाग देऊन तो कायमचा शांत करायचा. ती जमीन सोडून द्यायची. कडेची थोडी नजर जाते, मधली वाचते. २००३ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत, धोका ओळखून आधीच उपचार केलेल्या डोळ्यांत पडद्याची वाईट परिणती १५.६ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर आली. दुसरा मार्ग हाकच बंद करण्याचा. आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ मध्ये मंजूर झालेलं बेव्हासिझुमॅब हे व्हीईजीएफला अडवणारं औषध. त्याचा मिलिलिटरचा चाळिसावा भाग डोळ्यात टोचला की काही दिवसांत भरकटलेल्या वाहिन्या मागे हटतात आणि नेटक्या वाहिन्या पुन्हा चालू लागू शकतात. २०११ मध्ये हे चाचणीने दिसलं. २०१९ मध्ये रॅनिबिझुमॅब या दुसऱ्या औषधाची मोठी चाचणी आली. पण हा आराम फसवा असू शकतो. आजार काही महिन्यांनी परत उठू शकतो आणि औषध थोडंफार रक्तातही जातं, म्हणून अशा बाळाला पुढे बराच काळ दाखवत राहावं लागतं. फेऱ्या मारणं जमणारच नसेल त्या घरासाठी इंजेक्शनपेक्षा लेझर बरा, असं मला डॉक्टरांशी बोलून वाटलं. कुठल्या डोळ्याला काय, हे अर्थात त्यांनीच ठरवायचं.

आमच्या बाळाला यातलं काही लागलं नाही. दुसऱ्या खेपेला हद्दीवर एक पांढरट रेघ होती आणि त्या पंधरवड्यात घरात कुणाला नीट झोप लागली नाही. तिसऱ्या खेपेला रेघ विरळ झाली होती, वाहिन्या तिला ओलांडून पुढे गेल्या होत्या. पाचव्या खेपेला, पोटातले दिवस धरून एक्केचाळिसावा आठवडा चालू असताना, डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांचे काठ फिरून पाहिले. इंदापूरहून फोन आला होता, तो भाचीने स्पीकरवर ठेवला. "गेलं का टेलला?" "हो आबा, गेलं." डॉक्टरांनी पुढची तारीख दिली, कारण अपुऱ्या दिवसांच्या मुलांना चष्मा लवकर लागू शकतो, तिरळेपणा येऊ शकतो, ते बघत राहावं लागतं.

भारतात २०२० या एका वर्षात सुमारे ३० लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली. त्यांतलं एखादं तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत असेल. जन्मवजन २००० ग्रॅमपेक्षा कमी, किंवा जन्म ३४ आठवड्यांच्या आधी, यांपैकी एक जरी लागू असेल तर पडद्याची पहिली तपासणी तीस दिवसांच्या आत व्हायला हवी. बाळ १२०० ग्रॅमहून लहान किंवा २८ आठवड्यांच्या आधीचं असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. त्याहून मोठ्या बाळालाही बराच ऑक्सिजन लागला असेल, मोठं आजारपण झालं असेल, तर विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार आहे, तेव्हा सरकारी रुग्णालयातही विचारा. सव्वा महिन्याची वाट पाहू नका. माहेरी असाल तर तिथल्या जवळच्या गावात कोण तपासतं ते आधीच ठरवा, आणि वाहिन्या काठापर्यंत पोचल्या असं डॉक्टर म्हणेपर्यंत एकही फेरी चुकवू नका. सुट्टीच्या दिवशी हातात पडलेल्या डिस्चार्ज कार्डावर डोळे तपासणीची तारीख शोधा, आणि ती नसेल तर लिहून घेतल्याशिवाय रुग्णालयाच्या पायऱ्या उतरू नका.